धावपट्टी संपली तिथे रस्ता होता

भुसावळच्या मुलांना रेल्वेचे फाटक म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. फाटक लागले की सायकलवरून उतरायचे, मालगाडीचे डबे मोजायचे आणि मोजता मोजता शाळेला उशीर करायचा, हे या गावाच्या कित्येक पिढ्यांनी केले आहे. फाटकवाल्याच्या केबिनमध्ये डोकावलेल्या मुलांना आणखीही एक गोष्ट ठाऊक असते. सिग्नलशी जोडलेले फाटक पुरते लागून त्याला कुलूप बसल्याशिवाय गाडीसाठी सिग्नल पडतच नाही. रखवालदार घाईत असो, पेंगुळलेला असो, की त्याचे कोणाशी बोलणे चालू असो, खटक्यांची रचनाच त्याला चूक करू देत नाही.

आता असा एक रस्ता डोळ्यांसमोर आणा, जो रुळांना नव्हे तर विमानाच्या धावपट्टीला आडवा जातो. धावपट्टी संपते, थोडी मोकळी जागा असते आणि मग हा रस्ता. त्यावरून ट्रक, एस.टी., बैलगाड्या जातात. विमाने त्यांच्या डोक्यावरून उडून जातात. बहुतेक दिवशी काहीच घडत नाही.

२६ एप्रिल १९९३ हा दिवस सोमवार होता. इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे विमान दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आले होते आणि तेथून मुंबईला निघाले होते. विमान होते बोईंग ७३७-२००, १९७४ साली बनलेले. आत ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी, एकूण ११८ माणसे होती. दुपारी एकच्या सुमारास ते चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून पूर्वेकडे धावत सुटले. धावपट्टीच्या अगदी टोकाशी त्याची चाके जमिनीवरून सुटली. त्याच वेळी पलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाची डावीकडची मुख्य चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. हा आघात रस्त्यापासून सुमारे सात फूट उंचीवर झाला. जखमी विमान तसेच आणखी सुमारे तीन किलोमीटर गेले, उच्च दाबाच्या विजेच्या तारांना धडकले आणि जमिनीवर कोसळून पेटले. ५५ माणसे मरण पावली, ६३ वाचली.

खान्देशात वाढलेल्या माणसाला या हकिकतीत कापसाच्या गाठी खटकतात. कापूस म्हटला की मऊ वस्तू डोळ्यांपुढे येते. पण जिनमध्ये सरकी काढून प्रेसमध्ये दाबलेली गाठ ज्याने पाहिली आहे त्याला ठाऊक असते, की सुमारे १७० किलोची ती गाठ म्हणजे जवळजवळ लाकडाचा ओंडका. अशा गाठी एकावर एक रचलेला ट्रक म्हणजे रस्त्यावरून चालणारी भिंतच.

१९९३ हे वर्ष आपल्या विमान वाहतुकीला एकूणच वाईट गेले होते. ९ जानेवारीला दिल्लीत दाट धुक्यात उतरताना भाड्याने घेतलेले एक टुपोलेव्ह विमान धावपट्टीजवळ उलटेपालटे झाले. त्यातली सर्व १६५ माणसे वाचली, हे नशीबच म्हणायचे. औरंगाबादच्या अपघाताच्या आदल्या दिवशी पहाटे अमृतसरला अपहृत विमानाची कमांडोंनी सुटका केली होती. ती बातमी वर्तमानपत्रांतून उतरण्याआधीच ही दुसरी येऊन थडकली.

अशा वेळी लोक कारणे शोधू लागतात. विमान जुने होते का, जास्त भरले होते का, ऊन फार होते का, वैमानिक चुकला का, ट्रकवाला मधे का घुसला, असे प्रश्न पानाच्या दुकानावर आणि शिक्षकांच्या खोलीत सारख्याच जोमाने विचारले जातात. यांतले काही प्रश्न आपण शाळेतल्या पदार्थविज्ञानाने तपासू शकतो. ते करून पाहू आणि मग चौकशीने काय म्हटले त्याकडे वळू.

उन्हाचा हिशेब

विमान हवेवर उभे असते, हे वाक्य आपण वर्गात सहज बोलून जातो. पण हवा नेहमी सारखी नसते. तापली की ती विरळ होते. उंचीवर गेले की दाब कमी, म्हणून आणखी विरळ. चिकलठाण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८२ मीटर उंचीवर आहे. तिथला हवेचा दाब प्रमाण वातावरणात साधारण ९४५ हेक्टोपास्कल येतो. एप्रिलअखेरच्या दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअस धरू. (हा आकडा उदाहरणासाठी आहे. त्या दिवसाची नोंद म्हणून तो घेऊ नये.) घनता काढायचे सूत्र सोपे आहे. दाबाला हवेचा स्थिरांक २८७ आणि केल्विनमधले तापमान ३१३ यांच्या गुणाकाराने भागायचे. ९४,५०० भागिले ८९,८३१, म्हणजे घनमीटरला १.०५ किलोग्रॅम. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात हाच आकडा १.२२५ असतो. म्हणजे हवा सुमारे १४ टक्क्यांनी पातळ झाली.

अपघाताच्या अहवालाचा सारांश त्या दिवशीची हवा उष्ण आणि दमट होती असे सांगतो. इथे वर्गात एक गंमत हमखास होते. दमट हवा जड की हलकी, असे विचारले तर निम्म्याहून अधिक मुले जड म्हणतात. खरे तर पाण्याच्या वाफेचा रेणुभार १८ आणि कोरड्या हवेचा सरासरी २९. म्हणून वाफ मिसळली की हवा किंचित हलकीच होते. परिणाम छोटा, पण तोही विमानाच्या विरुद्धच.

१४ टक्क्यांनी काय बिघडते? पंखांना मिळणारी उचल ही हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर ठरते. घनता घटली तर तेवढीच उचल मिळवायला वेग वाढवावा लागतो. तो किती, तर १.२२५ भागिले १.०५२ याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.०८ पट. समुद्रकाठी थंड हवेत ताशी २४० किलोमीटरला जमीन सोडणाऱ्या विमानाला इथे जवळजवळ २६० किलोमीटर वेग लागेल. धावायचे अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे तेच १६ टक्क्यांनी वाढले. शिवाय इंजिनही तीच पातळ हवा ओढत असते. त्याचा रेटा कमी पडतो आणि विमान हळू वेग घेते. वेग वाढण्याचा दर १५ टक्क्यांनी घटला असे धरले तर दोन्ही मिळून अंतर सुमारे १.३७ पट होते. जिथे १२०० मीटर पुरले असते तिथे १६०० मीटरहून जास्त लागतात. चिकलठाण्याची तेव्हाची धावपट्टी आजच्यापेक्षा बरीच तोकडी होती, हे लक्षात ठेवावे.

अमेरिकेत फिनिक्स शहरात २०१७ च्या जूनमध्ये पारा ४८ अंशांच्या आसपास गेला, तेव्हा लहान जेट विमानांची डझनावारी उड्डाणे रद्द करावी लागली. त्या विमानांचे कोष्टकच तेवढ्या तापमानाला संपत होते. मे महिन्यात ४६-४७ अंश सोसणाऱ्या भुसावळकरांना ते वाचून हसू आले असेल. पण कोष्टक संपते म्हणजे पुढे काय होईल ते कोणी मोजून पाहिलेले नाही, आणि तिथे थांबणेच शहाणपणाचे.

मग ऊन हे कारण म्हणावे का? इथे थोडे थांबून विचार करायला हवा. वरचा हिशेब आपण कागदावर केला तसा विमान कंपनीही प्रत्येक उड्डाणाआधी करते, आणि आपल्यापेक्षा फार बारकाईने. धावपट्टीची लांबी, तापमान, वारा आणि उंची पाहून त्या वेळी किती वजन घेऊन उडता येईल हे ठरते. ऊन जास्त असेल तर सामान किंवा प्रवासी कमी करावे लागतात. आणखी एक नियम आहे. ऐन वेळी एक इंजिन बंद पडले तरी ठरलेल्या अंतराच्या शेवटी विमानाने ३५ फूट, म्हणजे सुमारे १०.७ मीटर उंची गाठलेली असावी, असे गृहीत धरूनच मोठ्या प्रवासी विमानांचे कोष्टक बांधतात. दोन्ही इंजिने चालू असताना तर उंची याहून अधिक हवी. प्रत्यक्षात रस्त्यावर आघात झाला तो सात फुटांवर. चौकशीच्या निष्कर्षात इंजिन बंद पडल्याचे कारण नाही, वजनाचेही नाही. म्हणजे ऊन हिशेबात आधीच धरलेले होते आणि तरीही निदान २८ फूट कुठेतरी हरवले होते. ते कुठे गेले?

तीन सेकंद

धावपट्टीवर धावणारे विमान नुसत्या वेगाने वर उठत नाही. तीन चाकांवर सरळ धावताना त्याचे पंख समोरच्या हवेशी अगदी थोडा कोन करतात. ठरलेला वेग आला की वैमानिक दांडा मागे ओढतो, नाक वर उचलले जाते, पंखांचा कोन वाढतो आणि मग उचल एकदम वाढून चाके सुटतात. नाक उचलण्याचा दर साधारणपणे सेकंदाला दोन ते तीन अंश असावा लागतो. जास्त घाई केली तर शेपूट जमिनीला घासते किंवा हवेचा विरोध वाढतो. कमी दराने उचलले, किंवा उचलायला उशीर केला, तर विमान वेगात असूनही जमिनीलाच चिकटून राहते.

आता आकडे घालू. ताशी २६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. तीन सेकंद उशीर म्हणजे २१६ मीटर धावपट्टी खर्च. उडाल्यावर विमान दहास एक चढाने वर जाते असे धरले, तर त्याच जागी त्याची उंची सुमारे २१ मीटरने कमी भरेल. गाठींनी भरलेला ट्रक फार तर चार-साडेचार मीटर उंच. मुलांना हे गणित सांगताना टाळी वाजवून तीन सेकंद मोजून दाखवावेत. एवढ्या वेळात आपण फळ्यावर तारीखसुद्धा लिहून पुरी करत नाही.

चौकशी न्यायालयाने संभाव्य कारणे म्हणून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, वैमानिकांनी नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकीची होती. दुसरी, उड्डाणांच्या वेळात बीड रस्त्यावरच्या वाहनांचे नियमन राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने केले नाही.

पहिल्या कारणाला आपण 'वैमानिकाची चूक' असे नाव देतो आणि पान उलटतो. दुसरे कारण वाचायला कोणी थांबत नाही. मला हे दुसरे कारण अधिक शिकवणारे वाटते. तिकडे वळण्याआधी 'वैमानिकाची चूक' हे नाव कधी कधी किती सोयीचे ठरते, त्याची एक जुनी गोष्ट पाहायला हवी. त्यासाठी १९५८ च्या म्युनिकला जावे लागेल.

६ फेब्रुवारी १९५८. मँचेस्टर युनायटेड या प्रसिद्ध संघाचे फुटबॉल खेळाडू घेऊन ब्रिटिश युरोपियन एअरवेजचे दोन पंख्यांचे ॲम्बॅसडर विमान म्युनिकहून निघाले होते. हिमवर्षाव चालू होता. दोनदा धाव घेऊन वैमानिकांनी विमान थांबवले, इंजिनांचा आवाज त्यांना ठीक वाटला नव्हता. तिसऱ्या वेळी वेग ११७ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे २१७ किलोमीटरपर्यंत गेला. हा 'निर्णयाचा वेग' होता, म्हणजे त्यानंतर थांबायला धावपट्टी पुरत नाही, पुढेच जावे लागते. आपल्या भागातल्या इंजिन ड्रायव्हरला हे लगेच समजेल. भरलेली मालगाडी सिग्नलच्या अगदी जवळ आली आणि मग लाल दिवा झाला, तर ब्रेक लावून काय उपयोग? पण म्युनिकला पुढे विचित्रच घडले. वेग वाढायच्या ऐवजी १०५ नॉटपर्यंत उतरला. विमान कुंपण तोडून, रस्ता ओलांडून एका घरावर आदळले. त्याचा दुसरा भाग एका लाकडी शेडवर गेला. शेडमध्ये टायर आणि इंधन भरलेला ट्रक होता. त्याचा स्फोट झाला. ४४ पैकी २३ माणसे गेली, त्यांत आठ खेळाडू होते.

जर्मन चौकशीने ठरवले की पंखांवर बर्फ साचला होता आणि कॅप्टन जेम्स थेन यांनी तो काढून घेतला नाही. पुरावा काय, तर अपघातानंतर काही तासांनी पंखांवर बर्फ आढळला. पण मधल्या वेळात बर्फ पडतच होता, हे कोणी मनावर घेतले नाही. त्या विमानात उड्डाणाची नोंद करणारे यंत्र नव्हते. ज्याला आपण ब्लॅक बॉक्स म्हणतो (आणि जो नारिंगी रंगाचा असतो) तो अजून सगळीकडे रुळला नव्हता. थेन यांची नोकरी गेली. त्यांनी हार मानली नाही. धावपट्टीवर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल होता, त्यात चाके रुतल्यासारखी झाली आणि वेग उतरला, असे त्यांचे म्हणणे होते. ओल्या वाळूत सायकल चालवणाऱ्या मुलाला हे पटकन पटते. इंग्लंडमध्ये बर्फाचा असा थर धावपट्टीवर पसरून विमाने धाववून प्रयोग केले गेले, आणि पातळ थरसुद्धा धाव केवढी लांबवतो ते दिसले. अकरा वर्षांनी, १९६९ मध्ये, ब्रिटिश चौकशीने थेन यांना दोषमुक्त केले. जर्मन बाजूने आपला निष्कर्ष सोडला नाही. थेन पुन्हा विमान कंपनीच्या सेवेत परतले नाहीत. १९७५ मध्ये ते वारले.

औरंगाबादच्या वैमानिकांचीही अशीच गत झाली, असे मला सुचवायचे नाही. तिथे दोन्ही वैमानिक वाचले होते, चौकशी झाली होती आणि नाक उशिरा उचलले गेल्याचा निष्कर्ष न्यायालयाचा आहे. तो मानायला हवा. म्युनिककडून घ्यायचे ते वेगळे आहे. एकदा माणसाची चूक सापडली की धावपट्टीवरचा चिखल आणि तिच्या टोकाचे घर तपासायचे राहून जाते. औरंगाबादच्या निष्कर्षाने निदान टोकाच्या रस्त्याकडे बोट दाखवले.

योगायोग किती दुर्मीळ?

'नेमका त्याच क्षणी ट्रक आला' असे वाक्य या अपघाताबद्दल बोलताना सगळ्यांच्या तोंडी येते. मराठीत आपण 'ट्रक निमित्त झाला' असेही म्हणतो. नेमका हा शब्द मात्र तपासून पाहण्यासारखा आहे.

बोईंग ७३७-२०० च्या पंखांचा विस्तार २८ मीटरच्या थोडा वर. ट्रकची लांबी आठ मीटर धरू. म्हणजे ट्रकच्या पुढच्या टोकाने विमानाच्या वाटेत शिरण्यापासून मागचे टोक बाहेर पडेपर्यंत ३६ मीटर जायला हवेत. ट्रकचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर असेल तर त्याला ३.६ सेकंद लागतात. आता रस्त्यावरून सरासरी दर मिनिटाला एक वाहन जाते असे माना. (हीही खरी मोजणी नव्हे. मुलांना आपल्या गावच्या रस्त्यावर तासभर उभे करून खरी मोजणी करायला लावावी, मजा येते.) मग कोणत्याही एका क्षणी विमानाच्या वाटेत वाहन असण्याची शक्यता ३.६ भागिले ६०, म्हणजे सहा टक्के. सोळा-सतरा उड्डाणांत एकदा. त्या दिशेने रोज दोनच उड्डाणे होत असतील तरी आठवड्या-सव्वा आठवड्यातून एकदा विमान नेमके एखाद्या वाहनाच्या वरूनच जाणार.

तेव्हा तो योगायोग २६ एप्रिलला पहिल्यांदा घडला नसणार. तो अधूनमधून घडतच असणार, फक्त विमान आणि ट्रक यांच्यामध्ये हवेचे काही मीटर असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नसे. ट्रकच्या ड्रायव्हरला डोक्यावरून मोठा आवाज गेला एवढेच कळत असेल. ज्या दिवशी ते मीटर तीन सेकंदांत खर्च झाले त्या दिवशी तो दिसला. वैमानिकाची चूक टाळणे आपल्या हाती पूर्णपणे कधीच नसते, कारण तो माणूस आहे. रस्ता मात्र धावपट्टीच्या टोकाला वर्षभर, दिवसरात्र आहे. नकाशावर तो कोणालाही आधीच दिसू शकतो.

रेल्वेने हे गणित फार पूर्वी ओळखले. रुळाला रस्ता जिथे छेदतो तिथे ड्रायव्हरच्या किंवा बैलगाडीवाल्याच्या सावधपणावर विसंबायचे नाही म्हणून फाटक आले, रखवालदार आला, मग फाटक सिग्नलला जोडले गेले, आणि गर्दीच्या ठिकाणी पूल बांधून छेदणेच बंद केले. रेल्वेलाही सगळीकडे पोचायला फार वेळ लागला हे खरे. ब्रॉडगेज मार्गांवरची बिनरखवालदाराची फाटके २०१९ च्या जानेवारीत संपली, म्हणजे भारतात पहिली गाडी धावल्यानंतर तब्बल १६५ वर्षांनी. पण निदान फाटक हवे हे मान्य होते. धावपट्टीच्या टोकापलीकडचा रस्ता धावपट्टीला छेदत नाही, तो तिच्या 'बाहेर' असतो, म्हणून तो फाटकाच्या विचारात सहज बसत नाही. जिब्राल्टरमध्ये मात्र शहराचा मुख्य रस्ता चक्क धावपट्टीवरूनच जात असे. तिथे प्रत्येक विमानासाठी अडसर खाली येत आणि माणसे, गाड्या थांबून राहत, अगदी आपल्या फाटकासारखी. २०२३ मध्ये धावपट्टीखालचा बोगदा खुला झाला आणि गाड्यांचे ते थांबणे संपले.

औरंगाबादच्या घटनेनंतरच्या दशकात धावपट्टीच्या टोकापलीकडच्या जागेकडे जगभर अधिक गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९९ पासून टोकापलीकडे निदान ९० मीटरचे सुरक्षा क्षेत्र बंधनकारक केले आणि शक्य तिथे २४० मीटरची शिफारस केली. काही विमानतळांवर टोकाला ठिसूळ फेसाळ काँक्रीटचे ठोकळे बसवतात. विमान घसरत आले तर चाके त्यात रुततात आणि ते थांबते. म्युनिकला चिखलाने जे नको तिथे केले ते इथे मुद्दाम हवे तिथे करायचे.

तरीही डोंगरमाथ्यावरच्या धावपट्ट्यांना ही जागा आणायची कुठून, हा प्रश्न राहतोच. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोड येथे पावसात, मागून वारा असताना, दुबईहून आलेले विमान २,७०० मीटर लांबीच्या धावपट्टीवर सुरुवातीपासून सुमारे १,३५० मीटर पुढे टेकले. जवळजवळ अर्धी धावपट्टी आधीच संपली होती. ते टोकापलीकडच्या सुरक्षा क्षेत्रातूनही पुढे गेले आणि दरीत पडून तुटले. दोन्ही वैमानिकांसह २१ माणसे मरण पावली. तिथल्या अहवालानेही वैमानिकाने ठरलेली पद्धत पाळली नाही हे संभाव्य कारण सांगितले, आणि सोबत व्यवस्थेतल्या उणिवांना हातभार लावणारे घटक म्हटले. म्हणजे पुन्हा दोन ओळी, आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात पुन्हा पहिली.

वर्गासाठी एक उदाहरण. जळगावचा विमानतळ २०१२ साली सुरू झाला. तो समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे चिकलठाण्यापेक्षा बराच खाली, पण ऊन त्याहून कडक. दाब ९८३ हेक्टोपास्कल आणि तापमान ४५ अंश घेऊन वरच्या सूत्राने घनता काढली तर ती सुमारे १.०८ येते, समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा १२ टक्के कमी. खाली असूनही उन्हाने जवळपास बरोबरी केली. मुलांनी हे स्वतः करून पाहावे, आणि मग तालुक्याचा नकाशा घेऊन धावपट्टीची रेघ दोन्ही टोकांना पट्टीने पुढे वाढवावी आणि ती कोणकोणत्या रस्त्यांना, तारांना, वस्त्यांना छेदते त्याची यादी करावी.